फिटच्या लेकराचा जीन रिपोर्ट हातात आला? या चुका टाळा

"ताई, आमच्या पोरीत गाबरा जीन निघाला म्हणं." केजकडची एक माय माझ्यासमोर बसली आणि पदर डोळ्याला लावला. रिपोर्टवर जीएबीआरए१ असं नाव होतं. लातुरात फिटच्या लेकरांच्या घरच्यांना रिपोर्ट समजावून सांगायचं काम मी करते, आणि हे वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू येतं. पहिली चूक इथंच होते. हा जीन कुणाच्या अंगात 'निघत' नसतो. तो त्या पोरीत आहे, तिच्या आईत आहे, माझ्यात आहे, हे वाचणाऱ्या तुमच्यातही आहे. पाचव्या गुणसूत्रावर त्याची जागा आहे, आणि त्याच्याशिवाय मेंदू शांत राहूच शकत नाही.

मेंदूतल्या पेशींना 'आता थांब' असा निरोप देणारं रसायन म्हणजे गाबा. तो निरोप घ्यायला पेशीच्या अंगावर एक दार असतं, पाच तुकडे जोडून केलेलं. बहुतेक ठिकाणी दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गामा. गाबा येऊन बसला की दार उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी निवते. यातला अल्फा-१ हा तुकडा कसा घडवायचा ते जीएबीआरए१ सांगतो. म्हणजे जीन चांगलाच आहे. प्रश्न असतो त्यात झालेल्या बदलाचा. या तुकड्यात ४५६ अमिनो आम्लांची माळ असते. २००२ साली कॅनडातल्या एका फ्रेंच भाषिक कुटुंबात ३२२ वा मणी बदललेला सापडला. तेवढ्यानं तुकड्याची घडी नीट बसेना, पेशीच तो मोडून टाकू लागली, दारं कमी पडली. त्या घरात तरुण वयात फिट यायच्या. म्हणून रिपोर्टमध्ये जीनचं नाव वाचून थांबू नका, पुढं बदल कोणता लिहिलाय ते बघा.

आणि त्या बदलाचा दर्जाही बघा. ही ओळ लोक सोडून देतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. बदलांचे पाच दर्जे असतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधला दर्जा म्हणजे 'आज सांगता येत नाही'. तो 'हो' समजून एका घरात मुलीच्या धाकट्या बहिणीची सोयरीक मोडली होती. नंतर घरातल्या माणसांचं रक्त तपासलं, तर तोच बदल धडधाकट आजोबांत निघाला. असले बदल असूनही काहींना कधीच फिट येत नाही, त्यामुळं एवढ्यावर तो निर्दोष ठरत नाही, पण पारडं नक्की हललं. अनिश्चित शेरा आला तर आईबापांची तपासणी करता येईल का ते विचारा, तीन पिढ्यांत कुणाला फिट, कुणाला लहानपणी तापात झटके, ते लिहून न्या, आणि वर्ष-दोन वर्षांनी तोच रिपोर्ट पुन्हा बघायला सांगा. शेरा बदलू शकतो.

सुनेला बोल लावणं ही चूक नाही, अन्याय आहे. जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. या जीनची एक प्रत बिघडली तरी त्रास होऊ शकतो, आणि पुष्कळदा तो बदल आईतही नसतो, बापातही नसतो. लेकरातच नव्यानं झालेला असतो. मामाच्या पोरीशी लग्न केलं म्हणून झालं, असंही इथं म्हणता येत नाही. आणि मिरगी हे लग्न रद्द ठरवायचं हिंदू विवाह कायद्यातलं कारण १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकलंय, हे सोयरीक जुळवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आता गोळ्यांचं. शेजारच्या गावात तोच जीन असलेल्या मुलाला अमकी गोळी लागू पडली, म्हणून आपणही तीच मागायची? नको. या दारांच्या जीनमध्ये काही बदलांनी दार कमी उघडतं, काहींनी प्रमाणाबाहेर उघडं राहतं. नाव एक, बिघाड उलटे. शिवाय सकाळी हात झटकून कपबशी पडणाऱ्या पोरांना, म्हणजे तारुण्यात सुरू होणाऱ्या झटक्यांच्या मिरगीत, कार्बामाझेपिनसारख्या गोळीनं झटके वाढू शकतात. सकाळच्या झटक्यांचं डॉक्टरांना सांगायला विसरू नका. लोक त्याला अशक्तपणा समजतात. ऑनलाइन मिळणाऱ्या गाबाच्या पावडरीवर पैसे घालवू नका, तोंडानं घेतलेला गाबा मेंदूपर्यंत नीट पोचत नाही.

सकाळच्या झटक्यांच्या या मिरगीला जागरण फार बाधतं. लातूरला नीटच्या तयारीला आलेली पोरं रात्री दोनपर्यंत बसतात आणि सहाला उठतात. नवरात्रात तुळजापूरला पायी जाणं, घरचा गोंधळ, रात्रभराचं जागरण. श्रद्धेला माझी हरकत नाही. फक्त त्या लेकराला झोपू द्या.

फिट आली की कांदा, चप्पल, दातात चमचा हे सगळं बाजूला. लेकराला कुशीवर करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर १०८ लावा. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा दिला असेल तर तो वापरा. ते औषध याच दारावर, अल्फा आणि गामा तुकड्यांच्या सांध्यात बसतं आणि गाबाचा निरोप मोठा करतं. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम ही गोळ्यांतली औषधं याच जातीची. म्हणूनच ती एकदम बंद केली की मेंदू उसळतो.

आणि ती एकदम बंद पडतात कधी? दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की. गोळ्या महिन्याच्या, हंगाम चार-पाच महिन्यांचा. फडावर गोळ्या संपतात आणि दुकान लांब राहतं. निघायच्या आधी जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जाऊन हंगामापुरत्या गोळ्यांचं विचारा, चिठ्ठीचा आणि रिपोर्टचा फोटो दोन फोनमध्ये ठेवा, आणि टोळीतल्या दुसऱ्या एका बाईला फवारा कुठं ठेवलाय ते दाखवून द्या. केजची ती माय यंदा पाकिटावर पोरीचं नाव, वजन आणि गोळ्यांच्या वेळा लिहून घेऊन गेली. पाकीट कोप्यात, म्हणजे फडावरच्या झोपडीत, आड्याला टांगलंय, असं तिनं फोनवर सांगितलं.