जुन्या बुलेटचं इंजिन ओळखा, मगच टॅपेटला पाना लावा

रॉयल एनफील्ड बुलेटचे टॅपेट (वॉल्व्ह उघडायला खालून ढकलणारे भाग) वाजायला लागले की बरेच जण थेट पाना काढतात. आधी इंजिन कोणतं ते बघा. टाकीवर ‘बुलेट’ लिहिलेलं असलं, तरी आत वेगवेगळ्या पिढ्यांची इंजिनं असू शकतात आणि एकाचं सेटिंग दुसऱ्याला चालत नाही.

सोपी खूण म्हणजे लोहचुंबक. सिलिंडर बॅरलच्या फिनला (बाहेरच्या पातळ पट्ट्यांना) तो चिकटला, तर इंजिन कास्ट आयर्नचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. गिअरबॉक्सही इंजिनच्या मागे वेगळा बोल्टने जोडलेला दिसेल. चुंबक चिकटला नाही तर बॅरल अॅल्युमिनियमचं. तिथे त्या मॉडेलचं मॅन्युअलच बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेल्या नंतरच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने आपोआप जुळणारे) टॅपेट असतात, त्यांना सेटिंग लागतच नाही. जुन्या जावा, येझदी टू-स्ट्रोक, त्यांना वॉल्व्हच नाहीत.

कास्ट आयर्नमध्ये ३५० चं इंजिन ३४६ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ९० मिमी. ५०० ला स्ट्रोक तोच, बोअर ८४. गाडी नुकतीच घेतली असेल तर क्रँककेसवर ठोकलेला इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवून घ्या. जुन्या गाड्यांची इंजिनं बदललेली असतात, आणि ही भानगड आरटीओत कळण्यापेक्षा घरी कळलेली बरी.

आता कास्ट आयर्न इंजिनाचं काम. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. तापल्यावर बॅरल आणि हेड पुशरॉडपेक्षा (टॅपेटवरून वर वॉल्व्हकडे जाणाऱ्या दांड्यापेक्षा) जास्त वाढतात, त्यामुळे गॅप वाढतो. गरम इंजिनवर सेटिंग केलं तर थंड झाल्यावर वॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह जळतो.

स्पार्क प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका. उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर एकाच नटवर असतं, ते उघडा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून मागचं चाक पुढे फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येतोय. प्लास्टिकची स्ट्रॉ आत सोडून पिस्टन वर पोहोचल्याचं बघा. लोखंडी तार घालू नका. या जागी दोन्ही वॉल्व्ह बंद असतात, म्हणून दोन्ही पुशरॉड मोकळे लागले पाहिजेत.

इथे फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) काम नाही. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवा: तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. हेच माप. वर-खाली टिकटिक लागली तर ढिला, फिरवताना बोटांना जोर लागला तर घट्ट. थोडं फिरवून एखाद्याच जागी तो अडत असेल, तर रॉड वाकलेला असू शकतो. तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बदल करायला पातळ पाने लागतात. जुन्या गाड्यांवर इंची मापाचे नटही भेटतात. मिलिमीटरचा पाना बळेच लावला तर कडा गोल होतात. पुण्यात असे पाने बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात शोधावेत, स्पेअर्ससाठी नाना पेठ. खालचा टॅपेट एका पान्याने धरा, मधला चेक नट (माप पक्कं धरून ठेवणारा) सैल करा, वरचा षटकोन अगदी थोडा फिरवा. चेक नट कसताना माप हमखास बदलतं, म्हणून कसून झाल्यावर पुन्हा बोटांनी तपासा. मग चाक फिरवून पुढच्या कॉम्प्रेशनपर्यंत इंजिन न्या आणि दोन्ही रॉड परत बघा. डिकॉम्प्रेसरची (किक मारण्याआधी कॉम्प्रेशन सोडणाऱ्या यंत्रणेची) केबलही ताणलेली नको, थोडी ढिली हवी.

कव्हरचं पॅकिंग फाटलं असेल तर नवं लावा. नट जास्त आवळला तर कव्हर वाकतं आणि तेल गळतं.

इंजिन गरम झाल्यावर हलकी टिकटिक राहणारच, तिला हात लावू नका. ठणठण येत असेल तर चेक नट सुटलाय का ते बघा, नाहीतर रॉकर (वर वॉल्व्ह दाबणारा) आणि कॅम (खाली टॅपेट उचलणारा) यांची झीज तपासा. पण आवाज बंद करायला टॅपेट आवळू नका.