‘शासन, म.’चा गुंता सुटला

नागपूरच्या एम्प्रेस मिलवर (सुरुवात १८७७) प्रबंध लिहितेय. संदर्भसूचीत ‘महाराष्ट्र शासन’ हे नाव दरवेळी ‘शासन, म.’ होऊन यायचं. एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीत आडनाव आधी, मग आद्याक्षर. आणि आयात केलेल्या नोंदीत संस्थेचं नाव आडनाव आणि नाव अशा दोन रकान्यांत तुटलं होतं. झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेखकाच्या नावाशेजारी छोटं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करून एकच रकाना केला, पूर्ण नाव त्यात टाकलं, वर्डमध्ये रिफ्रेश केलं. झालं! सरकारी अहवाल भरपूर असतील तर हे आधीच तपासा, फार वेळ वाचतो.

शिवाय, १९०८ च्या जिल्हा गॅझेटिअरमधला आकडा नंतरच्या लेखातून घेतलात, तर सूचीत तो वाचलेला लेखच द्या. मजकुरात मात्र दोन्हींचा उल्लेख हवा. मूळ गॅझेटिअर मिळालं तर उत्तमच, मग थेट पान क्रमांक द्या.