ग्रामपंचायतीला पहिल्यांदा उभे राहताना: दारातली पहिली 3 मिनिटं

गावात तुम्हाला सगळे ओळखतात: अमक्याचा मुलगा, तमक्यांची सून, डेअरीवर बसणारा पोरगा. पण उमेदवार म्हणून तुम्ही दारात पहिल्यांदाच उभे राहता. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे लोक माणूसच निरखून बघतात. वॉर्डातली मतं मोजकी असतात. चार घरं दुखावली तरी निकाल फिरतो.

सकाळी 7.30 ते 9 आणि संध्याकाळी 7 नंतर निघा. ऐन धारेच्या वेळेला गेलात तर कुणी धड बोलणार नाही, वर “याला वेळकाळ कळत नाही” हे तुमच्याआधी पुढच्या घरी पोचलेलं असेल. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर कायद्याने बंद असतो; दारावरची थाप 8.30 लाच बंद करा.

रोज पॅन्ट-शर्टात वावरणारा माणूस अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कुर्त्यात दिसला, की पारावर खसखस पिकते. रोजचेच कपडे, स्वच्छ धुतलेले, बस्स. गॉगल आणि जाड साखळी घरी, गाडी वस्तीच्या तोंडाशी. सांगोल्यातून 11 वेळा आमदार झालेल्या गणपतराव देशमुखांच्या एसटी प्रवासाचं कौतुक व्हायचं, कारण ती त्यांची वर्षानुवर्षांची सवय होती. निवडणुकीपुरती एसटी धरली, तर लोकांना आधी सोबतचा फोटो काढणारा दिसतो.

सोबत तिघं-चौघं पुरेत, त्यातला एक त्याच वस्तीतला. पंधरा जणांचा घोळका दारात आला की घरातल्या बायका आत जातात आणि तुम्ही निम्म्या मतांशी न बोलताच परतता. ज्याचं त्या घराशी बांधावरून भांडण आहे, त्याला त्या दिवशी दुसरं काम द्या.

चपला पायरीखाली काढा. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. आधी म्हाताऱ्या माणसांना नमस्कार, मग नाव, मग एकच काम, तेही त्या घराला लागू असलेलं: “आजी, तुमच्या बोळात नळाला पाणी येतं, पण शेवटच्या चार घरांना पोचतच नाही ना?” एवढं विचारून गप्प बसा. ही गप्प बसण्याची पायरी बहुतेक जण गाळतात आणि विकासावर सुरू होतात.

मग तांब्या-पेला पुढे येतो. दोन घोट तरी प्याच. “आत्ताच प्यालो” हे वाक्य एखाद्या वस्तीत तहानेबद्दलचं वाटतच नाही, जातीबद्दलचं वाटतं. पिढ्यानपिढ्यांचा अनुभव तसाच आहे. कार्यकर्त्याच्या हातातली सीलबंद बाटली तर त्याहून वाईट. आणि अशा वस्त्या शेवटच्या दिवशी उरकायला ठेवू नका. कुठली आळी आधी घेतली, कुठली नंतर, हा हिशोब गाव चोख ठेवतं.

महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरी उमेदवार बाई मागे आणि नवरा हात जोडून पुढे, हे दृश्य काही जात नाही. पहिलं वाक्य तिनेच बोलायचं. प्रश्न नवऱ्याला विचारला गेला तरी त्याने तिच्याकडे बघायचं, उत्तर तिने द्यायचं. नाहीतर ‘सरपंचपती’ हे नाव निकालाआधीच चिकटतं.

पत्रकावरचा, फ्लेक्सवरचा फोटो आत्ताचा हवा: सकाळच्या उन्हात न बसता सावलीत, साध्या भिंतीपुढे काढलेला. मोबाइलवर गोरा केलेला चेहरा दारात आलेल्या चेहऱ्याशी जुळत नाही, मग चेष्टा होते. फ्लेक्सवर वरती नेत्यांची रांग लावली की तुमचा फोटो तिकिटाएवढा उरतो. गावातलं हाकेचं नाव ठळक छापा. बारशातलं नाव पाळण्याबाहेर कुणाला आठवत नसतं. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आहे ना, हे छपाईआधीच तपासा.

त्या दारातून निघण्याआधी घरच्यांची तक्रार छोट्या वहीत लिहा, त्यांच्या डोळ्यांसमोर. पण आचारसंहितेत स्वतःच्या खर्चाने खांबावर दिवा लावून देण्याचा मोह टाळा. विरोधक तेवढ्याचीच वाट बघत असतात. ग्रामसेवकाकडे चौकशी करून 2 दिवसांत उत्तर सांगायला त्याच दारात जा, “होणार नाही” असं असलं तरी. त्या खेपेला पत्रक नेऊ नका.