मृगातल्या तेजोमेघाचा फोटो बिघडतो कुठे? या चुका टाळा

थंडी पडली की नाशिकचे हौशी छायाचित्रकार ट्रायपॉड घेऊन अंजनेरी, त्र्यंबकच्या बाजूला निघतात. पहिलं लक्ष्य बहुतेकांचं एकच असतं: मृग नक्षत्रातला एम ४२. नुसत्या डोळ्यांना दिसणारा तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा चमकता ढग, म्हणून सोपा वाटतो. पण सर्वाधिक फोटो बिघडतात ते त्याच्या तेजामुळेच.

त्याचा गाभा आणि कडा यांच्या तेजात प्रचंड तफावत आहे. गाभ्यात ट्रॅपेझियम हे कोवळ्या, तप्त अशा चार ताऱ्यांची चौकट आहे आणि सगळा वायू उजळतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे. कडांचे पंख यावेत म्हणून दोन मिनिटांचं एक्सपोजर दिलं, की ते चारही तारे एका पांढऱ्या डागात विरघळतात. हा डाग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने उघडत नाही, कारण तिथे माहितीच उरलेली नसते. म्हणून त्याच रात्री पाच-दहा सेकंदांच्या फ्रेम्स वेगळ्या घ्या, त्याही रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये), आणि गाभा त्यांतून जोडा. माझ्या मते लांब फ्रेम्सआधी याच घ्याव्यात. शेवटी ढग येतात, बॅटरी संपते आणि त्या राहून जातात.

ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, नसेल तर एक्सपोजर आणखी आवरा. मृग खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या सरळ वरच्या आकाशपट्ट्यात, असल्याने तारे इथे सर्वांत झपाट्याने सरकतात. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ५० मिमी लेन्सला सहा सेकंद, २०० मिमीला दीड सेकंद, याच्या पुढे तारे लांबट होतात. अशा वेळी छोट्या फ्रेम्स शेकड्यांनी घेऊन स्टॅक करायच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचून एकच फोटो करायचा.

घाई ही दुसरी मोठी चूक. डिसेंबरात रात्री आठला मृग पूर्वेला खाली असतो, आणि अंजनेरीहून पाहिलं तर त्याच बाजूला नाशिक शहराचा उजेड. मध्यरात्रीनंतर तो डोक्याकडे, सुमारे ६५ अंशांवर चढतो. जागायचं नसेल तर जानेवारीअखेरीस या. तेव्हा साडेनऊलाच तो तिथे असतो.

फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) मृगातला तेजस्वी राजन्य (रायजेल) तारा दहापट मोठा करून तो बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा. पारा उतरला की पुन्हा तपासा.

दुर्बिणीतून गुलाबी रंग दिसला नाही म्हणून हिरमुसू नका. मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. राखाडी, फार तर हिरवट झाक दिसते. नजर किंचित बाजूला ठेवली तर पंख जास्त पसरलेले दिसतात. फोटोतही लाल फिका येतो, कारण साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश बराचसा अडवतो. सॅच्युरेशन ताणून तो येत नाही, नुसता नॉइज (फोटोतले दाणे) रंगतो.

गंगापूर धरणाच्या काठावर मात्र वेगळीच अडचण: दव. फ्रेम्स हळूहळू धूसर होत गेल्या तर फोकसला हात लावण्याआधी लेन्सवर तिरका टॉर्च मारून बघा. दव दिसलं तर कापडाने पुसू नका, लेन्सभोवती ड्यू हीटरचा, म्हणजे लेन्स उबदार ठेवणारा, पट्टा बांधा.