मधमाश्यांसाठी खड्यांची परात

ऊन तापलं की मधमाश्या गुरांच्या हौदावर गर्दी करतात. गुरं बुजतात, आणि सकाळी पाण्यावर मेलेल्या माश्या तरंगताना दिसतात. फार वाईट वाटतं.

पसरट परातीत खडे भरा. त्यांचे माथे कोरडे राहतील इतकंच पाणी ओता. माशी खड्यावर बसते, सोंड खाली सोडते आणि पोट हलवत निवांत पिते. पाय भिजत नाहीत. परात मधमाश्यांच्या पेटीपासून दहा-पंधरा पावलांवर, सावलीत ठेवा. उन्हाळा लागायच्या आधीच ठेवा, कारण एकदा हौदाची सवय लागली की माश्या सहसा जागा बदलत नाहीत. पाणी रोज बदला, परात एक दिवसही कोरडी पडू देऊ नका.

पाण्यात साखर किंवा गूळ मात्र घालू नका. मुंग्या येतात आणि माश्यांची आपसात लूटमार, म्हणजे एकमेकींच्या पेटीतला मध पळवणं, सुरू होते.