माळ्यावरची पीएस-टू आणि भिंतीवरचा टीव्ही

गेल्या दिवाळीत पुतण्या माळ्यावरची पीएस-टू, म्हणजे जुनं प्लेस्टेशन 2 गेम मशीन, काखेत मारून आला. "काका, मशीन गेलंय. सगळं पुसट दिसतंय." म्हटलं, थांब लगा, मशीनला नावं ठेवू नकोस. मंगळवार पेठेत माझं गेम पार्लर होतं. चार एकवीस इंची डबा टीव्ही, आणि चित्र कसं, छापल्यागत.

मशीन तेच आहे, टीव्ही बदललाय. डबा टीव्ही आलेली ओळ तशीच काचेवर ओढायचा. चपट्या टीव्हीचे ठिपके ठरलेले, त्यामुळं चित्र ताणून बसवावं लागतं. त्यात पीएस-वन, सेगा, कॅसेटवाली मशीनं बहुतेक 240 ओळींचं चित्र पाठवतात, पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) असेल तर 288. बरेच नवे टीव्ही त्याला अर्ध्या-अर्ध्या ओळींत येणारं 480आय समजतात आणि नसलेले तुकडे जोडत बसतात. लुकलुकणारी सावली गायब होते किंवा कडेला कंगव्याचे दात दिसतात, ते ह्यामुळं.

आधी वायर बघा. साध्या एव्ही वायरच्या पिवळ्या पिनेत उजेड आणि रंग एकाच तारेत कालवलेले असतात. लाल अक्षरांची कड पसरते, ठिपके मुंगीसारखे सरकतात. पीएस-टूला कंपोनंट वायर मिळते, तिच्यात ते वेगवेगळ्या तारांतनं जातात: हिरवी, निळी, लाल, शिवाय आवाजाची लाल-पांढरी. दोन लाल पिना! निम्मी माणसं तिथंच चुकतात. आणि एक गोष्ट पिवळी वायर असतानाच करून घ्या: मशीनच्या सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट 'आरजीबी'वरनं 'वाय सीबी सीआर'वर न्या. नाहीतर वायर बदलल्यावर सगळं हिरवं दिसेल.

एक गोम सांगतो. पीएस-टूत पीएस-वनची डिस्क घातली की कंपोनंटवरनं 240 ओळीच जातात, आणि काही टीव्ही त्या घेतच नाहीत, पडदा काळा. घाबरू नका, पिवळी लावा.

पिवळी लावून चित्र काळं-पांढरं आलं, तर टीव्हीचं हिरवं आणि पिवळं भोक एकच आहे का बघा. रिमोटवर कंपोनंट नव्हे, एव्ही निवडा. हेडफोनसारखं एकच भोक असेल तर टीव्हीच्याच कंपनीची वायर आणा. दिसायला सारख्या, पण आतल्या जोडण्या वेगळ्या असतात.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये फार वेळ घालवू नका. चित्र 4:3 करा, गेम मोड लावा, नॉइज रिडक्शन बंद. शार्पनेस अक्षरांभोवतीची पांढरी रेघ जाईपर्यंत कमी.

कॅसेटवाल्या मशीनवर आडवे पट्टे फिरत असतील, तर आधी अडाप्टर बदलून बघा. स्वस्त अडाप्टरचा गोंगाट चित्रात उतरतो. व्होल्ट आणि प्लस-मायनस मात्र मशीनवरच्या चिन्हाशी जुळवा, उलटं लागलं तर खेळ खल्लास. आपल्याकडं पावसाळ्यात पिनांवर हिरवा थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पुसा, पूर्ण वाळू द्या. कॅसेटवर फुंकू नका. आम्ही जन्मभर फुंकली, पण तोंडातली ओल आत जाते.

एव्हीचं एचडीएमआय करणाऱ्या स्वस्तातल्या डब्या मी दोन घेतल्या. टीव्ही करतो तीच चूक त्या आधीच करतात, वर बटण दाबल्यावर उडी उशिरा. पैसे घालायचेच तर जुन्या गेम मशीनसाठीच बनवलेली यंत्रं, रेट्रोटिंक किंवा ओएसएससी, घ्या. ही यंत्रं 240 ओळी ओळखून प्रत्येक ओळ दुप्पट करतात. मात्र मूळ ओएसएससीला पिवळी वायर चालत नाही.

पुतण्याची पीएस-टू आता कंपोनंटवर झकास चालते. पण पीएस-वनच्या डिस्का घेऊन तो दर रविवारी माझ्याकडंच येतो. पार्लरमधला एक डबा टीव्ही मी अजून ठेवलाय, आणि तो मागितला तरी देणार नाही.