ऑस्ट्रेलियातून डीप-स्काय (तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका यांचे) फोटो काढताय? मग या चुका टाळा

भारतातून इकडे आलेल्यांची पहिली चूक कॅलेंडरची. "उन्हाळ्यात मिल्की वे, हिवाळ्यात मृग" हे नेटवरचं ज्ञान उत्तर गोलार्धातल्यांसाठी आहे. इथे जून-जुलैच्या ऐन थंडीत मध्यरात्री धनु-वृश्चिक, म्हणजे मिल्की वेचा मधला भाग, पार डोक्यावर असतात, शिवाय सिडनीकडे तेव्हा 11 तासांच्या आसपास पूर्ण अंधार मिळतो, डिसेंबरात तोच 6 तासांवर येतो आणि डेलाइट सेव्हिंगमुळे पावणेदहापर्यंत नुसतं बसून राहायचं. फक्त जूनची पौर्णिमा टाळा, चंद्र नेमका धनूच्याच भागात येऊन बसतो.

मॅजेलॅनिक मेघ (मोठा आणि छोटा, आपल्या शेजारच्या दोन दीर्घिका) सिडनीहून कधीच मावळत नाहीत, म्हणून लोक म्हणतात कधीही काढू. नाही हो! जूनच्या मध्यरात्री मोठा मेघ जेमतेम 13 अंशांवर असतो, सगळी धूळ-धुकं मध्ये. मोठ्या मेघातला टॅरंटुला नेब्युला (तेजोमेघ) हवा असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी, छोटा मेघ त्याच्या थोडा आधी, कॅरिना तेजोमेघ फेब्रुवारी-मार्च, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ एप्रिल-मे. देवयानी दीर्घिकेचा नाद माझ्या मते सोडाच, ती सिडनीहून 15 अंशांच्या वर चढतच नाही.

आता सगळ्यात जास्त रात्री वाया घालवणारा प्रकार, म्हणजे ट्रॅकर, आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र. तारे रेघांसारखे आले की लोक आधी लेन्सला, मग ट्रायपॉडला शिव्या घालतात, पण ट्रॅकरचं सेटिंग उत्तर गोलार्धाचंच राहिलंय का ते कोणी बघत नाही. ट्रॅकर बंद करून तेवढ्याच सेकंदांचा एक फोटो काढा, चालू असताना रेघ त्याच्या दुप्पट येत असेल तर मोटर उलटी फिरतेय, एन-एसचं (उत्तर-दक्षिण गोलार्धाचं) बटण एसवर करा, झालं.

रेघ छोटी पण आहेच, तर मग पोलर अलाइनमेंट, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे नेमका रोखणं. इथे ध्रुवतारा नाही, त्याच्या जागी सिग्मा ऑक्टँटिस, 5.4 प्रतीचा, शहरातून दिसणं विसरा. त्याला एकट्याला शोधत बसू नका, शेजारच्या ताऱ्यांसकट चौघांचा वेडावाकडा चौकोन होतो तो पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरवरच्या छोट्या दुर्बिणीत) पकडा. आणि होकायंत्राची सुई दाखवते ती दक्षिण खरी नाही, सिडनीत 12-13 अंशांचा फरक पडतो, त्यामुळे खरी दक्षिण कंपासवर 167-168 च्या आसपास येते. फोनच्या कंपासमध्ये ट्रू नॉर्थ (खरी उत्तर) ऑन असेल तर मात्र 180 च धरा, नाहीतर फरक दोनदा वजा व्हायचा.

बाकी थंडीत लेन्सवर दव धरतं, ड्यू हीटर (लेन्स गरम ठेवणारा पट्टा) सुरुवातीलाच लावा, ओली झाल्यावर पुसत बसण्यात अर्थ नाही.